रोपं मोजू नका, उन्हाळे मोजा

मृग जवळ आला की शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर रोपांनी भरलेले टेम्पो दिसू लागतात. ग्रामपंचायतीत रोपं उतरतात, शाळेत उतरतात, कुठल्या तरी कंपनीची माणसं टोप्या घालून येतात, झाड लावतात, फोटो काढतात आणि जातात. जून-जुलैत काहीही खोचलं तरी ते हिरवं दिसतं. खरी परीक्षा दिवाळीनंतर सुरू होते. भात झोडून होतं, गुरं मोकाट सुटतात, विहीर तळाला जाते आणि होळीला पाहावं तर रोपाच्या जागी वाळकी काडी उभी असते.

२०१९ च्या पावसाळ्यात राज्य सरकारने ३३ कोटी रोपं लावण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. असे आकडे नेहमी लावलेल्या रोपांचेच असतात. आपल्या घरामागे जगलेलं झाड मात्र कोणी सरकारी माणूस मोजायला येत नाही, आपणच ते मोजायचं असतं. म्हणून ही विनंती सरकारला नाही, कंपन्यांनाही नाही. ज्यांच्या घरामागे गुंठाभर, अर्धा गुंठा, अगदी चार कोंबड्या फिरतील एवढी जागा आहे, त्या तुम्हाला आहे. यंदा परड्यात पाच फळझाडं लावा. पन्नास नको, पाचच. आणि त्या पाचांना तीन उन्हाळे काढू द्या. तीन उन्हाळे काढलेल्या झाडाची मुळं खाली ओलीपर्यंत पोचलेली असतात. त्यानंतर ते तुमच्याकडे फारसं काही मागत नाही.

पाणी नाही, हे अर्धंच खरं

"लावू हो, पण पाणी कुठंय?" हा पहिला प्रश्न असतो आणि तो खोटा नाही. तानसा धरण १८९२ सालचं. ते शहापूर तालुक्यात, भातसाही शहापूर तालुक्यात, आणि दोन्हींचं पाणी जातं मुंबईला. बारवी धरणाच्या पाण्याखाली मुरबाडकडच्या गावांच्या जमिनी गेल्या, नळ मात्र कारखान्यांना आणि शहरांना लागले. धरणाच्या कुशीतल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. त्यावर बोललं पाहिजे, भांडलंही पाहिजे. पण ते भांडण मिटेपर्यंत पेरूचं रोप थांबणार नाही, म्हणून आपल्या हातात काय आहे ते आधी पाहू.

आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. याचा साधा हिशेब असा, की तुमच्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या एका चौरस मीटरवर एका पावसाळ्यात दोन हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. आता झाडाची गरज पाहा. नव्या कलमाला डिसेंबर ते मे आठवड्याला तीस लिटर पाणी दिलं, तर सव्वीस आठवड्यांत लागतं ७८० लिटर. म्हणजे छपराचा चटईएवढा तुकडा जेवढं पाणी ओढ्याला लावून देतो, त्याच्या निम्म्यातही एक झाड उन्हाळा काढतं. हे सगळं पाणी साठवायला टाकी बांधा, असं मी म्हणत नाही, तो खर्च सगळ्यांना झेपणारा नाही. पण पागोळीचं पाणी अंगणातून सरळ रस्त्यावर जाऊ न देता परड्यात एका खड्ड्यात जिरवणं कोणालाही जमतं. जिरलेल्या त्या पाण्याची ओल दिवाळीनंतरही काही आठवडे टिकते.

दुसरं पाणी मोरीचं. पाच झाडांना आठवड्याला दीडशे लिटर, म्हणजे रोजचे वीस-बावीस लिटर. दोन कळशा. चार-पाच माणसांच्या घरात भांडी घासून, अंघोळी करून याहून जास्त पाणी रोज गटारात किंवा रस्त्यावर जातं. मोरीच्या तोंडाशी केळीचे दोन-तीन गड्डे आणि थोडा अळू लावा. कोकणातल्या म्हाताऱ्या बायका पिढ्यानपिढ्या हेच करत आल्या आहेत. केळ आणि अळू साबणाचं पाणी पचवतात, आणि त्यांच्या पुढे एक चर काढला तर गाळून आलेलं पाणी पेरू-लिंबापर्यंत नेता येतं. कपडे धुतलेलं पावडरचं फेसाळ पाणी मात्र रोज एकाच झाडाला घालू नका. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी लहान रोपांना ठेवा.

तिसरा उपाय मडक्याचा. आठवडे बाजारातून आठ-दहा लिटरचं साधं मातीचं मडकं आणा. रोपापासून हात-दीड हातावर ते गळ्यापर्यंत पुरा. पाणी भरा आणि वर झाकण ठेवा, नाही तर डास होतात. मडकं हळूहळू पाझरतं आणि मुळं ओलीच्या मागे त्याच्याकडे येतात. तीन-चार दिवसांनी पुन्हा भरा. वरून ओतलेल्या हंड्यातलं बरंचसं पाणी ऊन पितं, मडक्यातलं झाडाला मिळतं. जोडीला आळ्यात पालापाचोळा, वाळलं गवत किंवा भाताचं तूस चार बोटं जाड पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. आपल्या मुरमाड जमिनीत वाळवी भरपूर, तिला ओला पाचोळा आणि अर्धवट कुजलेलं शेण दोन्ही आवडतं. म्हणून शेणखत घालाल ते पूर्ण कुजलेलंच घाला.

जव्हारकडून घेण्यासारखं

हे सगळं कागदावर सोपं वाटतं, प्रत्यक्षात होतं का, असं कोणी विचारेल. होतं, आणि फार लांब नाही. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला १९६७ साली स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेने १९८० च्या दशकात दक्षिण गुजरातेतल्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांबरोबर 'वाडी'चं काम सुरू केलं. पुढे ते जव्हारकडे आलं. जव्हार तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. पद्धत अशी, की कुटुंबाच्या स्वतःच्या एकरभर वरकस जमिनीवर आंबा आणि काजूची कलमं, बांधाला जळाऊ आणि कुंपणाची झाडं, उताराला आडवे चर, आणि झाडं मोठी होईपर्यंत मधल्या जागेत नाचणी, भाजी, डाळी. २००३-०४ पासून नाबार्डनेही आदिवासी विकास निधीतून वाडीला पैसा दिला आणि ही पद्धत देशभर गेली.

जव्हारची जमीन आपल्यासारखीच. पाऊस भरपूर, उतार, मुरूम, उन्हाळ्यात कोरड. तिथे पंप नव्हते, ठिबक नव्हतं. बायाबापड्यांनी डोक्यावरून पाणी आणून कलमं जगवली. तीन गोष्टींनी ती जगली. झाड त्या कुटुंबाच्या मालकीचं होतं, कुंपण आधी आणि झाड नंतर होतं, आणि पहिल्या काही वर्षांचं पाणी कोण कधी घालणार हे ठरलेलं होतं. रोप कोणी फुकट दिलं यामुळे झाड जगत नाही, ते या तीन गोष्टींनी जगतं. परड्यातल्या पाच झाडांनाही हेच लागू आहे.

घाटमाथ्यापलीकडे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. देशी बियाण्यांच्या कोठीमुळे त्यांचं नाव झालं, पण त्यांच्या कामात घरामागची परसबागही होती. शाळा न शिकलेल्या बाईने घरापाठीमागच्या जमिनीतून जे केलं, त्यासाठी मोठी जमीन किंवा मोठं शिक्षण लागलं नाही. रोजची नजर लागली.

कोणती पाच?

झाडं निवडताना बाजार डोक्यात ठेवू नका, घरातली पोरं ठेवा. परड्यातलं फळ विकायला नसतं, खायला असतं. उरलं तर शेजारी, त्यातूनही उरलं तर बाजार. असा विचार केला की निवड सोपी होते, कारण वर्षातल्या जास्तीत जास्त महिन्यांत घरात काही तरी फळ असावं एवढंच पाहायचं.

आंबा एक हवाच. हापूसचा मोह समजू शकतो. २०१८ साली मिळालेल्या हापूसच्या भौगोलिक मानांकनात कोकणातल्या इतर जिल्ह्यांबरोबर ठाणेही आहे. पण हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष रुसतो, शिवाय आत साका निघतो. एकच आंबा लावायचा असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला 'रत्ना' घ्या. १९८१ पासून तो लोकांच्या हातात आहे, साका नाही, आणि दरवर्षी धरतो. केसरही चालतो. आणि लोणच्या-पन्ह्यासाठी गावातला एखादा चांगला रायवळ असेल तर त्याला विसरू नका.

दुसरं झाड पेरूचं, सरदार म्हणजे एल-४९. तिसऱ्या वर्षी फळ, पोरांच्या हाताला येईल एवढीच उंची, हिवाळाभर खाणं. तिसरं लिंबू. त्याला पावसाचं पाणी मुळाशी तुंबलेलं चालत नाही आणि अति पावसात पानाफळांवर खैऱ्या रोगाचे ठिपके येतात, म्हणून दीड फुटाचा मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. चौथं झाड मोठ्या सावलीचं, फणस किंवा जांभूळ. शेजारच्या बदलापूरच्या आणि पालघरमधल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ज्या जांभळाला आपण रानातलं म्हणून मोजत नाही, त्याचं आज नाव आहे. कलमी जांभूळ चार-पाच वर्षांत धरतं, बियांचं त्याच्या दुप्पट वेळ घेतं. पाचवं झाड कोरड सोसणारं, सीताफळ किंवा आवळा. सीताफळ पावसाळा सरताना, आवळा थंडीत.

या पाचांच्या जोडीला, न मोजता, पपई, केळ, शेवगा आणि कढीपत्ता. पपई वर्षाच्या आत फळ देते, त्यामुळे मोठी झाडं येईपर्यंत घराचा उत्साह टिकतो. गावठी बियांची पपई लावाल तर एका जागी तीन रोपं लावा. फुलं आल्यावर नर ओळखा, एखादा ठेवा, बाकीचे काढा. आणि तिच्या मुळाशी दोन दिवस पाणी साचलं तर ती गेलीच समजा, तीही उंचवट्यावरच. कोकम लावायचं असेल तर कलमच घ्या, बियांच्या झाडांत नर निघाला तर सात-आठ वर्षं वाट पाहून फळ नाही.

नारळाबद्दल बरेच जण विचारतात. बारमाही पाणी असेल तर लावा. नसेल तर नारळ आपल्याकडे उभा राहतो, पण धरत नाही. आणि टेम्पोतून फोटो दाखवून विकली जाणारी 'बारमाही आंबा', 'लाखाला एक' असली जपानी नावाची कलमं, अव्होकाडो, सफरचंद यांच्यावर एक रुपया घालवू नका. ज्यांना हौस आणि पैसा आहे त्यांनी खुशाल करावं, पण आधी वरची पाच जगवून.

खड्डा, कलम, कोय

एक गुंठा म्हणजे साधारण तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. तेवढ्यात वरची पाचही बसतात, पण लावण्याआधी काडीने जमिनीवर आखून पाहा. आंबा, फणस, जांभूळ भिंतीपासून, विहिरीपासून आणि संडासाच्या टाकीपासून किमान पंधरा फुटांवर, विजेच्या तारांखाली कधीच नको. पेरू, लिंबू, सीताफळ एकमेकांपासून दहा-बारा फुटांवर. मोठं झाड शक्यतो घराच्या पश्चिमेला घ्या. स्लॅबच्या नव्या घरांत एप्रिलच्या दुपारी बसवत नाही, ते झाड पाच-सात वर्षांत ऊन अडवायला लागतं. आंबा दरवर्षी फळ उतरवल्यावर छाटून आटोपशीर ठेवता येतो, तेव्हा जागा कमी म्हणून आंबा टाळू नका.

खड्डा उन्हाळ्यातच काढा, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. आंब्या-फणसाला मीटरभर लांब, रुंद आणि खोल, पेरू-लिंबाला दोन फूट. खाली मुरूम किंवा कातळ लागला तर पहार घेऊन तो फोडा. आपल्याकडे झाडं खुरटतात ती बऱ्याचदा खड्डा घमेल्याएवढा काढल्यामुळे. खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. मग वरची चांगली माती, चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून तो भरा. मुरमाड जागेत तळ्याचा किंवा धरणाचा गाळ आणून घातला तर सोनं. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवा, पावसाने माती बसते.

कलम विद्यापीठाच्या, कृषी खात्याच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या, आणि जातीचं नाव लिहिलेली पावती मागा. कलमाचा जोड नीट भरलेला असावा, त्यावरची प्लॅस्टिकची पट्टी लावताना काढून टाका, नाही तर ती गळफास होते. पिशवीत मुळं गोल फिरलेली, उंच आणि बारीक वाढलेली जुनी कलमं स्वस्तात मिळतात, ती घेऊ नका. लावताना जोड जमिनीच्या वर चार बोटं तरी राहिला पाहिजे. जोडाच्या खालून फुटणारे कोंब सतत खुडा, ते रायवळचे असतात आणि वरच्या जातीला उपाशी मारतात. काठीचा आधार द्या. पहिली तीन वर्षं आलेला मोहोर खुडून टाका. जीवावर येतं, पण लेकुरवाळं झाड वाढत नाही. दर जूनला शेणखत द्या. पहिल्या वर्षी एक घमेलं, दुसऱ्या वर्षी दोन, असं दहापर्यंत वाढवत न्या.

ज्यांची जागा माळावर, कातळाला लागून आहे आणि पाण्याची खरीच टंचाई आहे, त्यांनी कलम विकत आणूच नये. त्यांनी कोय लावावी. जूनमध्ये रायवळ आंबे खाल्ले की ताज्या कोया त्याच खड्ड्यात दोन-तीन लावा, कारण कोय वाळली की रुजत नाही. उगवलेल्यांतलं जोमदार रोप ठेवा. पुढच्या पावसाळ्यात कलम बांधणाऱ्याला बोलावून जागेवरच रत्नाची किंवा केसरची काडी बांधून घ्या. पिशवीतल्या रोपाचं सोटमूळ वाकलेलं किंवा तुटलेलं असतं, जागेवर उगवलेल्या रोपाचं सरळ खाली जातं आणि ओल गाठतं. फळाला एखादं वर्ष जास्त लागतं, पण उन्हाळ्याची भीती निम्मी होते. गावातल्या दोन-चार पोरांनी कलम बांधायला शिकून घेतलं तर गावाचं काम होईल आणि त्यांना पावसाळ्यात हाताला कामही मिळेल. फणसाची आठळीही अशीच जागेवर लावा, त्याला उपटून दुसरीकडे लावलेलं सोसत नाही.

शेळी, वणवा आणि इतर शत्रू

पाण्यावाचून मेलेल्या रोपांपेक्षा शेळीने खाल्लेली रोपं जास्त असतात. म्हणून कुंपण दिवाळीच्या आत झालंच पाहिजे, भात कापलं की गुरं सुटणारच. तारेचं कुंपण परवडत नसेल तर काट्यांची वई घाला, आणि पावसाळ्यातच तिच्या कडेने निर्गुडीच्या काड्या आणि करवंदी लावून ठेवा. निर्गुडीला शेळी तोंड लावत नाही, करवंदीतून कोणी शिरत नाही, आणि मेमध्ये करवंदंही मिळतात. मोगली एरंडाचं कुंपण बरेच जण करतात, पण त्याच्या बिया विषारी आहेत, लहान पोरं असलेल्या घरी ते नको. आणि ज्यांची गुरं-शेळ्या आहेत त्यांना माझी वेगळी विनंती आहे. ग्रामसभेत बसून मोकाट चराईचे दिवस आणि जागा ठरवा. दुसऱ्याचं कलम खाल्लं की गावात वैर होतं, ते ठरवून टाळता येतं.

दुसरा शत्रू वणवा. परडं माळाला किंवा जंगलाला लागून असेल तर जानेवारी संपेपर्यंत कुंपणाच्या बाहेर दोन-तीन मीटरचा पट्टा गवत कापून साफ करा. राब भाजताना वारा पडलेला असतानाच काडी लावा, आणि पाणी घेऊन माणूस उभा ठेवा.

फळं लागल्यावर फळमाशी येते, पेरू-आंब्यात अळी पडते. त्यासाठी औषध फवारत बसू नका. कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा टांगा, त्यातल्या गंधाने नरमाश्या आत येऊन मरतात. गळलेली किडकी फळं रोज उचलून पुरा, तेवढ्यानेही बरंच काम होतं. आंबे काठीने झोडू नका, झेल्याने देठासकट उतरवा, म्हणजे चीक लागून डाग पडत नाहीत. माकडांवर मात्र मला खात्रीचा उपाय माहीत नाही. घरात माणूस आणि दारात कुत्रा असेल तर ती कमी त्रास देतात, एवढंच.

"झाडं लावली की साप येतात," असं घरातली मोठी माणसं म्हणतात. साप येतो तो उंदरांमागे, आणि उंदीर राहतात विटांच्या ढिगात, लाकूडफाट्यात, कचऱ्यात. झाडाखाली साफ ठेवा, ढिगारे लांब ठेवा. झाड न लावता ढिगारा ठेवलात तरी साप येणारच आहे.

फरशीच्या घरांना आणि फार्महाउसवाल्यांना

अलीकडे घरकुल झालं, नवं घर झालं, की पुढचं अंगण आणि मागचं परडं दोन्ही सिमेंटने, पेव्हर ब्लॉकने झाकायची रीत पडली आहे. चिखल नको, हे बरोबर आहे. पण सगळं झाकू नका. पायवाट बांधा, मोरी बांधा, बाकी मातीला मोकळं ठेवा. एका झाडापुरती सहा फूट बाय सहा फूट जागा उघडी ठेवायला गवंड्याला पैसे द्यावे लागत नाहीत.

मुंबई-ठाण्याहून येऊन मुरबाड-शहापुरात जमीन घेतलेल्यांनाही एक सांगणं आहे. तुमच्या प्लॉटवर आधीपासून जांभूळ, मोह, आंबा, चिंच, फणस असेल तर बुलडोझर फिरवण्याआधी थांबा. १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत ही झाडं आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, चाळीस वर्षांचं झाड काढून त्या जागी शोभेचे पाम आणि उन्हाळाभर पाणी पिणारी हिरवळ लावण्यात शहाणपण नाही. टँकरवर जगणाऱ्या गावाच्या शेजारी तर नाहीच. तुम्ही आठवड्यातून एकदा येत असाल तर कोरड सोसणारी झाडं लावा, मडकी पुरा, आणि पाणी घालायला गावातलं माणूस ठेवून त्याला वेळच्या वेळी पगार द्या.

सातबाऱ्यावरच्या जमिनीत, बांधावर झाडं लावली असतील तर ई-पीक पाहणीत त्यांची नोंद करा. पुढे रस्ता, महामार्ग, लाईन यांत जमीन गेली तर नोंद नसलेल्या झाडासाठी भांडावं लागतं. समृद्धी महामार्ग आपल्याच शहापूर तालुक्यातून गेला आहे, त्यामुळे ही भीती कल्पनेतली नाही. मोठी फळबाग करायची असेल तर कृषी सहायकाला भेटा. रोजगार हमीतून फळबागेला पैसा देण्याची सुरुवात महाराष्ट्राने १९९० सालीच केली. सध्या कोणती योजना चालू आहे आणि कागद काय लागतात, हे त्यांच्याकडूनच लेखी घ्या.

परड्यातल्या पाच झाडांना मात्र कोणाची सही लागत नाही. फक्त एक गोष्ट आजच ठरवा. कोणत्या झाडाला पाणी कोण घालणार? आंबा आजीकडे, पेरू धाकट्याकडे, लिंबू सुनेकडे, अशी नावं लावून टाका, कारण सगळ्यांचं झाड कोणाचंच नसतं. शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी पोरांना रोप देताना 'पुढच्या जूनला ते दाखव' एवढी अट घातली तर वाटलेल्या रोपांतली निम्मी तरी जास्त जगतील. बचत गटांनी मडकी एकत्र आणली तर स्वस्त पडतील.

खड्डे मृगाच्या आधी भरून तयार ठेवा. दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. दिवाळीच्या आत वई घाला, नाताळच्या आत मडकं पुरा, होळीच्या आत गवत कापा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. कोणी विचारलं, "किती झाडं लावलीत?" तर उत्तर देऊ नका. तीन उन्हाळ्यांनी त्याला परड्यात बोलवा आणि मोजायला सांगा.